ऐकताना चितारलेल्या नोंदी

व्याख्यान सुरू झाले की बहुतेकजण प्रत्येक वाक्य उतरवून घेण्याच्या मागे लागतात. अमेरिकन डिझायनर माइक रोडी यांचेही तसेच होते. अखेर त्यांनी मोठी वही आणि पेन्सिल बाजूला ठेवून खिशात मावणारी छोटी वही आणि पेन घेतले. जागा कमी आणि खोडायची सोय नाही, त्यामुळे निवडकच टिपणे भाग पडले. या चित्रमय नोंदींना त्यांनी ‘स्केचनोट्स’ म्हटले. 2012 साली त्यांचे ‘द स्केचनोट हँडबुक’ आले.

चित्रकला येत नाही, ही सबब इथे चालत नाही.

चौकोन, वर्तुळ, त्रिकोण, रेघ आणि ठिपका एवढ्यावर घर, माणूस, पुस्तक, दिवा सगळे उभे राहते. मुख्य मुद्दा ठळक, मोठ्या अक्षरांत, तपशील बारीक अक्षरांत, कार्यकारणासाठी बाण. देवनागरीत शिरोरेघ जाड केली तरी मथळा उठून दिसतो.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये प्रयोग प्रसिद्ध केले. काही शब्दांची चित्रे काढायची, काही पुन्हा पुन्हा लिहायचे. चित्र काढलेले शब्द अधिक लक्षात राहिले, आणि चित्र सुबक असण्याची गरज नव्हती. चितारताना अर्थाचा विचार होतो, हात चालतो आणि डोळ्यांसमोर प्रतिमा राहते. तिन्ही धागे स्मरणाला आधार देतात.

पुढच्या व्याख्यानाला कोरी, बिनरेघी वही न्यावी. आधी ऐकावे, मग चितारावे, आणि त्याच संध्याकाळी पान पुन्हा पाहावे.