फळमाशीने शिकवलेला धडा

मुलांनो, शेलू असो की मुंबई, जास्त पिकलेल्या केळ्यांवर बारीक माश्या घोंगावताना तुम्ही पाहिल्या असतील. या फळमाश्यांनी शास्त्रज्ञांना कर्करोगाविषयी मोठा धडा दिला आहे.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. त्वचेसारख्या आवरणातील पेशींना वरची आणि खालची बाजू असते. त्यामुळे त्या ओळीत राहतात आणि गरजेपुरत्याच वाढतात. फळमाशीच्या अळीत 'स्क्रिबल' नावाचे जनुक बिघडले, तर पेशींची ही ओळख पुसली जाते. त्या ओळ सोडून एकमेकींवर चढतात आणि वाढतच राहतात. त्यांची गाठ बनते व अळी मरते. २००० साली अमेरिकेतील बिल्डर, ली आणि पेरिमन यांनी दाखवले, की अशी तीन जनुके मिळून पेशींची दिशा आणि वाढ सांभाळतात.

एक नवल ऐका! बिघडलेल्या पेशी थोड्याच असतील, तर निरोगी शेजारी पेशी बहुधा त्यांना संपवतात.

माणसातही अशीच जनुके आहेत. आपल्या रायगड जिल्ह्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आहे. तेथे उपचारही होतात. म्हणून अंगावर गाठ दिसली, तर ती लपवू नका; लगेच डॉक्टरांना दाखवा.