बिल फाडले की हिशेब सरकारदरबारी
(शेतकऱ्यांच्या कंपनीच्या सभासदांसाठी चार कामाच्या गोष्टी)



गावोगावी आता शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या उभ्या राहिल्या आहेत. खत-औषध एकत्र आणावे, तूर-सोयाबीन एकत्र विकावे आणि मधल्या दलालीचा पैसा सभासदाच्या घरात राहावा, हा त्यामागचा हेतू. त्यासाठी आपण घामाच्या पैशातून भाग घेतले. मग वार्षिक सभेत ‘नफा झाला होता, पण जीएसटीच्या दंडा-व्याजात गेला’ असे ऐकण्याची पाळी का यावी? ही पाळी बहुधा लबाडीमुळे येत नाही. हिशेब संगणकातून सरकारकडे कसा जातो हे एकट्या हिशेबनिसालाच ठाऊक असते, बाकीचे सारे ‘ते आपल्याला काय कळणार’ म्हणून गप्प बसतात, त्यामुळे येते. खरे तर दुधाच्या डेअरीची चिठ्ठी ज्याला वाचता येते, त्याला हेही कळण्यासारखे आहे.

आपल्या स्वतःच्या मालाचे काय?

आधी मनातली भीती काढून टाकू. वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, १ जुलै २०१७ पासून लागू झाला. जो माणूस स्वतः, घरच्यांच्या मदतीने किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून जमीन कसतो, त्याला आपल्या शेतात पिकलेला माल विकण्यासाठी या कायद्याखाली नोंदणी करावी लागत नाही. मग तो माल कितीही रुपयांचा असो.

कापूस आणि न फोडलेली काजू-बी यांच्याबाबत एक वेगळा नियम आहे. हा माल शेतकऱ्याकडून नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने किंवा कारखान्याने घेतला, तर कर खरेदीदाराने भरायचा असतो. याला ‘रिव्हर्स चार्ज’ म्हणतात. तेव्हा विदर्भ-खानदेशातला कापूसवाला असो की कोकण-गोव्यातला काजूवाला, ‘जीएसटी कापला’ म्हणून कुणी पट्टीतून रक्कम वजा करू लागला, तर त्याला कारण विचारावे.

कंपनी मात्र ‘शेतकरी’ नव्हे

इथेच पुष्कळांची गफलत होते. कंपनीचे सारे सभासद शेतकरी असले, तरी कायद्याच्या नजरेत कंपनी ही शेतकरी नव्हे, व्यापार करणारी संस्था आहे. सुटी तूर करमाफ आहे. पेरणीच्या बियाण्यावरही कर नाही. परंतु रासायनिक खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के आणि बियाण्याचे नसलेल्या सोयाबीनवर ५ टक्के कर आहे. तीच तूरडाळ २५ किलोपर्यंतच्या पिशवीत भरून, वर छापील लेबल लावून विकली, तर तिच्यावरही ५ टक्के कर लागतो. हा नियम १८ जुलै २०२२ पासूनचा आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, एका कंपनीने वर्षात ६ कोटींची सुटी तूर विकली आणि ३० लाखांचे खत विकले. संचालक म्हणतात, ‘तूर करमाफ, आणि खत ४० लाखांच्या आत, मग नोंदणी कशाला?’ हा हिशेब चुकीचा आहे. नोंदणीसाठी उलाढाल मोजताना करमाफ मालाची विक्रीही धरावी लागते. म्हणजे उलाढाल ३० लाख नव्हे, ६ कोटी ३० लाख झाली. फक्त करमाफ मालच विकणाऱ्याला नोंदणी नको. पण त्याच्या जोडीला खताची विक्री सुरू केली की हिशेब बदलतो. कंपनीने नवा धंदा सुरू करण्याचा ठराव करण्यापूर्वी हा विचार व्हायला हवा.

संगणकातून हिशेब कसा जातो?

पूर्वी व्यापारी वर्षभर चोपड्या लिहीत आणि वर्षाअखेर त्या वकिलाकडे नेत. आता टॅलीसारख्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये रोजचे बिल बनते. मोठे कारखाने सॅपसारखी मोठी यंत्रणा वापरतात. खरेदी, गोदाम, विक्री आणि हिशेब हे सारे तिच्यात एकाच ठिकाणी जोडलेले असते. आपल्या गावची विकास सोसायटीही याच वाटेवर आहे. २०२२ साली केंद्र सरकारने ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांचे व्यवहार एकाच राष्ट्रीय सॉफ्टवेअरवर आणण्याची योजना मंजूर केली.

मोठ्या उलाढालीच्या संस्थांना ‘ई-इन्व्हॉइस’ची सक्ती आहे. १ ऑक्टोबर २०२० रोजी ती ५०० कोटींवरील उलाढालीच्या धंद्यांपासून सुरू झाली. पुढे मर्यादा पायरीपायरीने खाली आली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आली. २०१७-१८ पासून कोणत्याही एका आर्थिक वर्षात उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर हा नियम लागू होतो. वरच्या उदाहरणातली कंपनी यात सापडते.

याची रीत सोपी आहे. कंपनीने तेलगिरणीला सोयाबीन विकले. बिल सॉफ्टवेअरमध्ये बनले की त्याची माहिती सरकारमान्य पोर्टलवर पाठवायची. पोर्टल ती तपासून बिलाला ६४ अक्षर-अंकांचा एक क्रमांक देते आणि सोबत चौकोनी क्यूआर कोड देते. तो कोड बिलावर छापला पाहिजे. तसे नसेल, तर सक्ती लागू असलेल्या कंपनीचे ते बिल वैध धरले जात नाही, गिरणीला कराची वजावट मिळत नाही आणि ती आपले पैसे अडवून धरते. पोर्टलवर गेलेली माहिती कंपनीच्या महिन्याच्या विक्रीपत्रकात, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, आपोआप उतरते. माल परराज्यात जाणार असेल आणि किंमत ५० हजारांच्या वर असेल, तर लागणारे ई-वे बिलही त्याच माहितीवरून काढता येते.

सभासद शेतकऱ्याला दिलेल्या खताच्या पावतीला ही सक्ती नाही. ती नोंदणी असलेल्या खरेदीदाराच्या बिलाला व निर्यातीला आहे.

बिल चुकले तर पोर्टलवर ते २४ तासांच्या आत रद्द करता येते. त्यानंतर क्रेडिट नोट काढावी लागते. ज्यांची उलाढाल १० कोटी किंवा अधिक आहे, त्यांना बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत ते पोर्टलवर चढवावेच लागते. हा नियम १ एप्रिल २०२५ पासून आहे.

पुरवठादाराच्या आळसाचा फटका

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा, कंपनीने १० लाखांची कीटकनाशके घेतली. त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे १ लाख ८० हजार रुपये कर पुरवठादाराला दिला. तोच माल १० लाख ८० हजारांना विकला, त्यावर १ लाख ९४ हजार ४०० रुपये कर गोळा झाला. आधी दिलेला कर वजा जाता कंपनीने सरकारला फक्त १४ हजार ४०० रुपये भरायचे.

परंतु ही वजावट हातातल्या बिलावर मिळत नाही. १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे, की पुरवठादाराने ते बिल आपल्या पत्रकात दाखवलेले असले पाहिजे आणि ते आपल्या जीएसटीआर-२बी या यादीत उतरलेले असले पाहिजे. ही यादी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. पुरवठादाराने बिल दाखवलेच नाही, किंवा आपला जीएसटी क्रमांक एका अंकाने चुकवला, तर १४ हजार ४०० ऐवजी पूर्ण १ लाख ९४ हजार ४०० रुपये भरावे लागतात. ऐन हंगामात भांडवल असे अडकले, तर पुढचे खत उधारीवर आणावे लागते. आणि वजावट मिळणार नसताना घेतली, तर ती रक्कम १८ टक्के व्याजासह परत करावी लागते.

म्हणून दर महिन्याला १४ तारखेनंतर आपले खरेदीखाते आणि ती यादी ओळीला ओळ लावून ताडून पाहावी. हे काम सॉफ्टवेअर करून देते, पण ते करायला सांगणारा माणूस पाहिजे. यादीत नसलेल्या बिलाबद्दल पुरवठादाराला त्याच दिवशी फोन करावा.

खोडाखोडीचे दिवस गेले

संगणकाचे शेतासारखेच आहे, पेराल तसे उगवेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबक संच, ट्रॅक्टर यांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. सॉफ्टवेअरमध्ये जुनाच दर ठेवला, तर बिल चुकते आणि ती चूक पुढे पत्रकात जाते. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीचे सॉफ्टवेअर असे असावे लागते, की कोणती नोंद केव्हा बदलली हे त्यात आपोआप टिपले जाईल आणि ते टिपणे बंद करता येणार नाही. शेतकऱ्यांची उत्पादक कंपनीही यातून सुटलेली नाही. मागची तारीख टाकून नोंद बदलली, तर ती लपत नाही. प्रामाणिक संचालकाच्या व सभासदाच्या दृष्टीने ही सोयच आहे.

बैठकीत विचारायचे चार प्रश्न

१) मागच्या महिन्याची पत्रके वेळेवर गेली का? महिन्याला पत्रक भरणाऱ्यांसाठी विक्रीपत्रकाची मुदत पुढच्या महिन्याची ११ तारीख आणि कर भरण्याच्या पत्रकाची, म्हणजे जीएसटीआर-३बीची, २० तारीख असते. ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीला तिमाही पत्रकाची सवलत घेता येते, पण कर दरमहा भरावा लागतो.

२) खरेदीची किती बिले यादीत उतरली नाहीत, आणि त्यात किती कर अडकला आहे?

३) पोर्टलचा पासवर्ड, ओटीपी येणारा मोबाईल आणि डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी किल्ली कोणाच्या ताब्यात आहे? नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मोबाईलवर ओटीपी जात असेल, तर काम अडून पडते.

४) सॉफ्टवेअरमधील नोंदींची दुसरी प्रत निराळ्या ठिकाणी ठेवली जाते का?

आपल्या घरात वाणिज्य शाखेकडे शिकलेली मुलगी किंवा सून असेल, तर तिला या कामात घ्यावे. तिला गावातच मानाचे काम मिळेल आणि कंपनीला घरचे, भरवशाचे माणूस मिळेल. सनदी लेखापालाचा सल्ला तर घ्यावाच. पण वर्षातून एकदा येणाऱ्या लेखापालाला मागच्या चुका दिसतात. चालू महिन्याचे बिल बरोबर बनवायचे काम आपले आहे. तेव्हा पुढच्या बैठकीला जाताना हे चार प्रश्न कागदावर लिहून न्या आणि उत्तरे इतिवृत्तात नोंदवून घ्या.