व्हेर्मेय
सोन्याचा मुलामा दिलेल्या चांदीस ‘व्हेर्मेय’ म्हणतात. हा फ्रेंच शब्द ‘लहान किडा’ या अर्थाच्या ‘व्हर्मिक्युलस’ या लॅटिन शब्दापासून आला आहे. ओक वृक्षावरील किरमीज किड्यांपासून तांबडा रंग काढीत. त्यामुळे शब्दास ‘लालभडक’ हा अर्थ आला व पुढे तो सोनेरी चांदीसही लावण्यात आला. मराठीतील ‘किरमिजी’ हा शब्दही अरबी-फार्सीमार्गे याच किड्याच्या नावावरून आला आहे. पूर्वी सोन्याचे पारदमेल चांदीवर लावून तापवीत; पारा उडून जाई व सोने राही. त्या विषारी वाफांनी अनेक कारागिरांचा बळी घेतला. १८४० मध्ये इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांनी विद्युत् विलेपनाचे एकस्व घेतल्यानंतर ही पद्धत हळूहळू मागे पडली.