सुपें येथील रोखे व पितृऋण

मागील पिढीनें लग्नकार्यांत पैसा उधळला व पुढील पिढीस कर्जांत लोटलें, असें आमच्याकडे वारंवार ऐकूं येतें. बारामती-इंदापूरच्या इतिहासावरून हें मत तपासून घेणें अवश्य आहे.

ता. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें बाजार भरला होता. हें गांव तेव्हां भीमथडी तालुक्यांत असे. सांप्रत तें बारामती तालुक्यांत मोडतें. जमलेल्या कुणब्यांनीं सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. लूट झाली खरी. परंतु त्या वर्षींच्या दंग्यांत जमावाचा मुख्य कटाक्ष खतें व रोखे जाळण्यावर असे. सावकारानें कागद निमूटपणें दिले म्हणजे पुढील अत्याचार बहुधा टळत.

कागदाचा एवढा द्वेष कां? १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें नोंदणी न केलेल्या रोख्यावरील दाव्यास तीन वर्षांची मर्यादा पडली. हेतु ऋणकोच्या रक्षणाचा, फल विपरीत. मुदत भरण्यापूर्वीं थकलेलें व्याज मुद्दलांत मिळवून सावकार नवा रोखा करून घेई. शंभर रुपये दरसाल दरशेंकडा २४ दरानें घेतले व कांहींच फेडलें नाहीं असें धरा: तीन वर्षांनीं १७२, सहा वर्षांनीं सुमारें २९६, नऊ वर्षांनीं सुमारें ५०९ रुपये. एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज घेऊं नये हा दामदुपटीचा निर्बंध मनुस्मृतींत आहे. पण व्याजच मुद्दल झालें म्हणजे तो पोथींतच राहतो.

त्यांत अमेरिकन यादवीच्या काळांत (१८६१-६५) कापूस महागला, कुणब्याची पत वाढली. भाव उतरतांच सावकारानें हात आखडला. इंदापुरास १८३६ त ठरलेला सारा १८६७ त वाढला. चौकशी-कमिशननेंच पुढें म्हटलें कीं, लग्नखर्च ऐपतीच्या मानानें मोठा असला तरी असे प्रसंग क्वचित् येतात. कर्जाचें कारण म्हणून त्यास अवास्तव महत्त्व दिलें गेलें आहे.

पित्याचें ऋण पुत्रानें फेडावें, मात्र मद्य व द्यूत यांसाठीं काढलेलें नव्हे, असें धर्मशास्त्र सांगतें. १८६६ च्या मुंबई कायद्यानें वारसाची जबाबदारी त्यास मिळालेल्या मालमत्तेपुरती ठेविली. पण मुलानें नव्या रोख्यावर स्वतः निशाणी केली कीं बापाचें ऋण त्याचें स्वतःचें झालें! १८७९ च्या कायद्यानें शेतकऱ्याच्या रोख्यामागील हिशेब मुळापासून पाहण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. २००५ च्या हिंदु उत्तराधिकार दुरुस्तीनें तर त्यापुढील कर्जापुरतें पुत्राचें हें धार्मिक दायित्व कायद्यांतून काढूनच टाकलें.

ज्या घराण्यांत असे जुने रोखे शिल्लक असतील, त्यांनीं त्यांतील मुद्दलाचा आंकडा फोडून पाहावा: हातीं रोकड किती आली व मागील बाकी किती ओढली. आजोबांस उधळे ठरविण्यापूर्वीं एवढें तरी व्हावें.