इंटरनेटवर धंद्याला बंदी होती तेव्हा…

आज खरं वाटणार नाही, पण अमेरिकेतल्या इंटरनेटच्या मुख्य वाहिनीवर एकेकाळी जाहिरात करायला चक्क मनाई होती! ही वाहिनी म्हणजे एनएसएफनेट. नॅशनल सायन्स फाउंडेशन ती सरकारी पैशातून चालवायचं, त्यामुळे वापर फक्त संशोधन आणि शिक्षणासाठी. नियमावली वाचण्यासारखी आहे: संशोधनाला उपयोगी अशा नव्या उत्पादनाची घोषणा केलेली चालेल, जाहिरात मात्र कुठल्याही प्रकारची नको.

मग कंपन्यांनी काय केलं? पीएसआयनेट, यूयूनेट आणि सर्फनेट या तिघांनी 1991 मध्ये ‘कमर्शियल इंटरनेट एक्स्चेंज’ उभारलं. एकाची वाहतूक दुसऱ्याच्या जाळ्यात थेट जाऊ लागली, सरकारी वाहिनीला हात न लावता. शिवाय किती डेटा गेला याचा हिशेब एकमेकांकडे मागायचा नाही, असं ठरलं. मला ही युक्ती फार आवडते. कायद्याची वाट बघत न बसता त्यांनी शेजारून स्वतःचा रस्ता काढला.

कायदाही मागोमाग आलाच. खासदार रिक बाउचर यांच्या पुढाकाराने 1992 मध्ये दुरुस्ती झाली आणि संशोधनापलीकडचा वापर अधिकृत ठरला. 30 एप्रिल 1995 ला एनएसएफनेटची मुख्य वाहिनी बंद झाली. तिचं काम खासगी कंपन्यांची जाळी आणि त्यांना जोडणारी केंद्रं करू लागली.

त्याच वर्षी 15 ऑगस्टला व्हीएसएनएल या सरकारी दूरसंचार कंपनीने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पहिल्या शहरांत आपली मुंबई होती!