मागे राहिलेले कागद

चित्रकार गेला की विकली गेलेली चित्रे कुणी ना कुणी सांभाळतो. प्रश्न उरतो घरातल्या कागदांचा. रावबहादूर म. वि. धुरंधर (१८६७–१९४४) यांचे असे कागद कन्येने, अंबिका धुरंधर यांनी जपले. अंबिकाबाई स्वतः जे. जे.मध्ये शिकलेल्या चित्रकार, त्यामुळे कच्चे रेखाटनही त्यांना रद्दी वाटले नाही. २००९ मध्ये त्या गेल्या. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले.

मला यात महत्त्वाची वाटते ती आठवणींची जोड. धुरंधरांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ लिहिले, पुढे मुलीने ‘माझी स्मरणचित्रे’. चित्रातली बाई कोण, प्रसंग कुठला, हे कळायला असा घरचा साक्षीदार लागतो. तो गेला की चांगले चित्रही मुके होते. (लिलावाच्या यादीत ‘एक स्त्री’ एवढेच उरते.)

पुलगावच्या एखाद्या घरात आजोबांची चित्रे ट्रंकेत असतील, तर फ्रेमवाल्याकडे धावण्याची घाई नको. आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकेक चित्र दाखवावे, त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. प्रत्येक चित्राला क्रमांक द्यावा. तो मागच्या बाजूला, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. शाई पाझरते. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको; ते पुन्हा सुटत नाही. पावसाळ्यात ट्रंक ओलीच्या भिंतीपासून लांब ठेवावी, कसर लागते. मागच्या बाजूचाही फोटो घ्यावा: हिशेब, पत्ता, तारीख बहुधा तिथेच सापडते.