गाजर गवत, ऊन आणि इसब

ताईंनो, पावसाळा सुरू झाला की गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास येते. चेहरा लाल होतो, पापण्या सुजतात, मानेला आणि कोपराच्या खाचेत खाज सुटते, पुढे कातडी जाड आणि काळपट होते. कुणी म्हणतं ऊन बाधलं, कुणी म्हणतं रक्त बिघडलं. बऱ्याचदा यामागे बांधावरचं गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत असतं. हे मूळचं अमेरिका खंडातलं. १९५५-५६ च्या सुमारास ते पुण्यात लक्षात आलं आणि नंतर त्याच भागात या त्वचारोगाचे रुग्ण दिसू लागले.

या गवताच्या पानादेठांवर बारीक लव असते. तिच्यात पार्थेनिन नावाचं रसायन असतं. झाड सुकलं तरी ते जात नाही, धुळीबरोबर उडतं. म्हणून गवताला हात न लावताही त्रास होतो. काहींना वर्षानुवर्षं काहीच होत नाही. पण शरीराने एकदा त्याला शत्रू मानलं, की दर वेळी दाह होतो. तोही एक-दोन दिवसांनी, त्यामुळे गवतावर संशयच जात नाही. ज्यांना आधीच इसब आहे त्यांची कातडी कोरडी, भेगाळलेली असते. कुंपण मोडलेल्या शेतात गुरं शिरावीत, तसं हे रसायन आत शिरतं.

मग ऊन कुठे आलं? ही अ‍ॅलर्जी जुनी झाली की काहींना नुसतं ऊनही सोसत नाही. गवत नसलं तरी उघड्या भागावर दाह होतो.

आरशात नीट बघा. ऊन कपाळ, गाल, नाक, गळ्याचा उघडा भाग आणि हातांवर पडतं. हनुवटीखाली, कानामागे, वरच्या पापणीवर ते फारसं पोचत नाही. धूळ मात्र तिथेही बसते. या सावलीच्या जागीही चट्टे असतील तर गवताचा संशय धरा. पक्कं निदान त्वचारोगतज्ज्ञ करतात. पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी बघतात.

"उन्हात बस, सुकेल" असं सासूबाई सांगतात. दवाखान्यात काही इसबांना मोजून-मापून प्रकाश देतात हे खरं, पण दुपारचं ऊन म्हणजे ते नव्हे. चट्ट्यावर लिंबू चोळून उन्हात जाणं तर नकोच, कातडी भाजते.

खुरपणीला जाताना मालकांचा फुल बाह्यांचा शर्ट, रुमाल, हातमोजे घाला. धुळीच्या पदराने तोंड पुसू नका. घरी आल्यावर आंघोळ, मग खोबरेल. धुतलेले कपडे या गवतावर वाळत घालू नका. गवत फुलं येण्याआधी, ओल असताना मुळासकट उपटा, जाळू नका. ज्या ताईला त्रास आहे तिला या कामाला लावू नका, गटाने तिला दुसरं काम द्यावं. मजुरी बुडते म्हणून बायका अंगावर काढतात, हे मी बघते आहे.

आणखी एक. हा आजार लागट नाही. तिच्या हातचा चहा खुशाल प्या.

मेडिकलमधून आणलेली ट्यूब महिनोन् महिने चेहऱ्याला लावू नका. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं, त्याने कातडी पातळ होते. डॉक्टरकडे जाताना ती ट्यूब सोबत न्या.